लेकरं, लोकर आणि दिवसाच्या चार ओळी



आम्ही निफाड तालुक्यातल्या एका गावातल्या, एकाच बचत गटातल्या सहा जणी बोलतोय. रेडिओवर एकटीनं बोलायचं म्हटलं तर एकीलाही धीर होईना. मग अंगणवाडीच्या ओट्यावर बसून सहा जणींनी मिळून हे बोलणं लिहून काढलं. माईकपुढं एकच जण बसलीय, पण बोलणं सगळ्यांचं आहे. एकीची गोष्ट सांगायची असेल तिथं तिचं नाव घेणार नाही, कारण तिच्या सासूबाईही रेडिओ ऐकतात.

आमच्या सहा जणींची मिळून अकरा लेकरं आहेत. थोरलं सहा वर्षांचं, धाकटं पाच महिन्यांचं. एकीला तर जुळी आहेत. आणि सहाही जणींना एकच खोड आहे. सुया-लोकर दिसली की हात शिवशिवतात. आज त्या खोडीबद्दल बोलायचंय. त्यात आम्ही एकदा चांगल्याच फसलो होतो, तेही सांगायचंय.

आमच्याकडं थंडी जोरात पडते. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली जातो, मग कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात छापून येतो. ज्यांची द्राक्षं आहेत ते रात्री बागेत शेकोट्या पेटवून घडांना ऊब देतात. घडांना ऊब, मग लेकरांना नको का? म्हणून आमच्याकडं स्वेटर, टोपडं, पायमोजे यांना मान आहे.

पण विणायला वेळ कुठून काढायचा? सकाळी पाचला उठायचं, पाणी तापवायचं, गोठा, दूध, भाकरी, डबे. नऊला बागेत. ऑक्टोबरची छाटणी झाली की डिपिंग, थिनिंग, बायकांच्या हाताला काम असतंच. संध्याकाळी परत चूल, परत लेकरं. दोन तास निवांत बसून विणीन असं म्हणणारी बाई आमच्या गावात तरी नाही. लेकरू तीन वर्षांच्या आतलं असेल तर सलग वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

आम्ही विणतो ते मधल्या फटींत. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन ओळी होतात. अंगणवाडी सुटायच्या आधी दहा मिनिटं लवकर गेलं तर ओट्यावर दोन-तीन ओळी. लेकरू झोपलं आणि हात अजून शाबूत असला तर रात्री एखादी. आम्ही ठरवून टाकलंय, दिवसाला चार ओळी. जास्त झाल्या तर देवाची कृपा, कमी झाल्या तर रडायचं नाही.

चार ओळी म्हणजे किती, तो हिशोब जुळ्यांच्या आईनं मांडला. ती बारावीला गणितात चांगली होती. दोन वर्षांच्या लेकराच्या स्वेटरला पाठीचे साधारण बासष्ट टाके येतात आणि ओळी शहाण्णव. पुढच्या भागाच्या तेवढ्याच. दोन बाह्या त्याहून अरुंद, दोन्हींच्या मिळून दीडशे ओळी. सगळं धरून सतरा-अठरा हजार टाके होतात. आमच्या हातानं एक ओळ तीन-चार मिनिटांची, म्हणजे पूर्ण स्वेटर वीस तासांचा. दिवसाला चार ओळींनी तो पंच्याऐंशी दिवसांत होतो. दसऱ्याला टाके घातले तर संक्रांतीच्या बोरन्हाणाला लेकराच्या अंगात असतो. जिचा दसरा चुकला तिचा स्वेटर होळीला होतो आणि पुढच्या थंडीत तो धाकट्याला येतो. तेही वाया जात नाही.

आता घरातले विचारतात, यातून मिळतं काय? आमचे मालक विचारतात, सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते. बाजारात दोन-अडीचशेला तयार स्वेटर मिळतो, आणि चांगल्या लोकरीलाच जवळजवळ तेवढे पैसे पडतात. म्हणजे विणून पैसे वाचतात, हे आम्ही खोटं सांगणार नाही.

मग विणतो कशाला? यावर आम्ही खूप बोललो. शेवटी आमच्यातली सगळ्यांत कमी बोलणारी म्हणाली, "दिवसभर मी जे जे करते ते संध्याकाळपर्यंत पुसून जातं. भांडी घासली, परत खरकटी. लंगोट धुतले, परत ओले. भाकऱ्या थापल्या, संपल्या. विणलेली ओळ तेवढी दुसऱ्या दिवशी जागेवर असते." त्यावर आम्ही बाकीच्या पाच जणी गप्पच बसलो. आमचं उत्तर तेच आहे. लहान लेकरांच्या आईला दिवसात काहीतरी असं लागतं, की जे परत परत करावं लागत नाही, पुढं जातं.

शिकलो कशा, तेही सांगतो. आमच्या गावात एक निवृत्त सिस्टरबाई आहेत. त्यांच्या शाळेत शिवण-विणकामाचा तास होता. त्यांनी आम्हाला टाके घालायला, सुलट-उलट विणायला आणि टाके बंद करायला शिकवलं. बॉर्डरला बारा नंबरची सुई, अंगाला दहा नंबरची, हे त्यांचंच. बाकीचं मोबाईलवरच्या व्हिडिओंवरून. ते बहुतेक हिंदीत असतात. पहिल्यांदा त्यातली ताई "फंदे डालिये" म्हणाली, तेव्हा आमच्यातल्या एकीला वाटलं, ही कुणाला अडकवायला सांगतेय! नंतर कळलं की त्यांचे फंदे म्हणजे आपले टाके आणि त्यांचं सीधा-उल्टा म्हणजे आपलं सुलट-उलट.

आता लेकरं आणि लोकर एका घरात कशी नांदवायची, याच्या आमच्या काही युक्त्या.

पहिली, गुंडा कधी मोकळा सोडायचा नाही. आम्ही तो उंच डब्यात ठेवतो, झाकणाला भोक पाडून त्यातून धागा काढतो. गुंडा घरंगळला की लेकरू मागं धावतं, मांजर त्याच्या मागं धावतं, आणि संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाते.

दुसरी, विणून उठताना सुयांच्या टोकांना रबर गुंडाळायचं. टाके गळत नाहीत. आणि सुया कायम उंच फळीवर, लेकराचा हात पोचणार नाही अशा. लेकरू मांडीवर असताना विणायचं नाही. सुईचं टोक लेकराच्या डोळ्याच्या किती जवळ येतं, ते आपल्याला कळतही नाही.

तिसरी, लेकरांना त्यात काम द्यायचं. जुना स्वेटर उसवताना धागा धरायला दोन चिमुकले हात लागतातच. लड दोन्ही मनगटांवर घेऊन उभं राहायचं आणि आई गुंडा करते, हे पाच वर्षांच्या पोरांना फार मानाचं काम वाटतं. दोन सुलट, दोन उलट म्हणता म्हणता एकीचा मुलगा दोनाचा पाढा शिकला. अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, कुणी शिकवलं? तो म्हणाला, स्वेटरनं.

चौथ्या युक्तीत मात्र आम्ही हरलो. किती ओळी झाल्या ते लक्षात राहावं म्हणून एकीनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघा ओढायला सुरुवात केली. चार ओळी झाल्या की एक रेघ. आई ओढते म्हणून लेकानंही ओढल्या. परिणाम असा, की एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं आखूड झाली. आता ती रेघा कॅलेंडरवर ओढते, आणि कॅलेंडर उंच टांगलंय.

लेकरं वाढतात त्याचा विचार आधीच करायचा. बाही मनगटाकडून न विणता खांद्याकडून टाके उचलून खाली विणत आणली, तर पुढच्या वर्षी फक्त मनगटाची बॉर्डर उसवायची, दोन-तीन बोटं वाढवायची आणि परत बॉर्डर घालायची. अंगाचंही तसंच करता येतं. एक स्वेटर दोन हिवाळे सहज निघतो. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. तिची लड करून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली थोडं वजन लावून सावलीत वाळवायची. बरीचशी सरळ होते.

आता काळजीच्या गोष्टी. या आम्ही फुकट शिकलेलो नाही.

बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. स्वस्त असते, धुवायला सोपी असते, आम्हीही तीच वापरतो. पण आगीजवळ ती वैरीण आहे. एका हिवाळ्यात आमच्यातल्या एकीचा मुलगा शेकोटीला बसला होता. ओलं लाकूड तडतडलं, ठिणगी उडाली आणि बाहीवर पडली. बाही नुसती जळली नाही, वितळली, आणि वितळलेलं कातडीला चिकटलं. त्याच्या मनगटावर आजही चिंचोक्याएवढा डाग आहे. तो स्वेटर आईनंच विणला होता. तिनं पुढं दोन महिने सुई हातात घेतली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, शेकोटीपाशी, चुलीपाशी लेकरू बसणार असेल तर वरून घोंगडीचा तुकडा पांघरायचा. मेंढीची खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. तुमची लोकर कुठली ते बघायचं असेल तर तिचा बोटभर धागा चिमट्यात धरून, ताटलीवर, लेकरं लांब ठेवून पेटवून बघा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरडली जाणारी राख राहते. अ‍ॅक्रिलिकचा काळा टणक गोळा होतो. आणि देव करो नि न होवो, पण भाजलंच तर चिकटलेलं कापड ओढायचं नाही. साधं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावायचं नाही, आणि दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट नाड्यांची. पूर्वी टोपड्याला गळ्याखाली बांधायला लोकरीची वेणी असायची. आम्ही आता ती लावत नाही. पाळण्यात, झोळीत ती कशात तरी अडकली तर गळ्याला फास बसू शकतो. टोपड्याची बॉर्डर जरा घट्ट विणली की ते नाडीशिवाय बसतं. बटणं दुहेरी दोऱ्यानं लावायची आणि ओढून बघायची. तान्ह्याच्या पायमोज्याच्या आत लोंबणारे धागे कापून टाकायचे. असा धागा बोटाभोवती करकचून बसला तर बाळ रडतं आणि कारण कळत नाही. मोजे काढल्यावर दहाही बोटं बघायची सवय लावून घ्या.

तिसरी गोष्ट टोपड्याची. नव्यानं जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं मोठं असतं आणि तिथून ऊब लवकर जाते. बाळ वजनानं कमी असेल तर जास्तच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, तर किती बाळं वाचतात ते दाखवून दिलं. १९९९ साली त्याचा अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. बाळाला उबेत ठेवणं हा त्या काळजीचा एक मोठा भाग होता. आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येऊन बाळ बघतात, त्यामागं हेच काम आहे. म्हणून बाळंतविड्यातलं टोपडं नुसतं हौसेचं नाही. पण घरात ऊब असेल, बाळाच्या मानेला-पाठीला घाम येत असेल, तर ते काढायचं. जास्त उबेनंही बाळाला त्रास होतो.

आता आमची चूक.

मागच्या वर्षी नवरात्रात एक व्यापारी आला. त्याला लहान मुलांचे साठ स्वेटर हवे होते, दीड महिन्यात. लोकर त्याची, नमुना त्याचा, नगामागं दीडशे रुपये. आम्हाला काय वाटलं सांगू? इतकी वर्षं सगळे विचारत होते, यातून मिळतं काय? आता दाखवू, असं वाटलं. सहा जणींनी दहा-दहा नग वाटून घेतले आणि हिशोब न करता हो म्हणून टाकलं. जुळ्यांच्या आईनंसुद्धा हिशोब केला नाही.

हिशोब सोपा होता. एक स्वेटर वीस तास, दहा स्वेटर दोनशे तास. पंचेचाळीस दिवसांत दोनशे तास म्हणजे रोज साडेचार तास. आमच्याकडं होती रोजची पंधरा मिनिटं.

मग ते साडेचार तास कुठून आले? थोडे झोपेतून आले, आणि उरलेले लेकरांच्या वाटचे गेले. रात्री एकपर्यंत दिवा. लेकरू अंगावर यायला लागलं की "थांब, ओळ होऊ दे." गुंड्याला हात लावला की धपाटा. जे लेकरू लड धरायला धावत यायचं, ते लोकर बघितली की बाजूला जायला लागलं. मानेत कळा, डोळ्यांत पाणी, आणि आपलीच सुई आपल्याला नकोशी.

एक दिवस आमच्यातल्या एकीच्या सुया सापडेनात. टाके तसेच लोंबकळत राहिलेले. सगळं घर उलटंपालटं केलं, पोरांना दम दिला. चार दिवसांनी बाजरी दळायला काढली तेव्हा कोठीत तळाशी सुया होत्या. तिच्या तीन वर्षांच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "त्या झोपल्यात. तू त्यांना उठवू नको."

गटाच्या बैठकीत ही गोष्ट ऐकली तेव्हा कुणालाही हसू आलं नाही.

त्याच बैठकीत आम्ही म्हणालो, उरलेली लोकर परत देऊ. तेव्हा एक जण उठून उभी राहिली. तिच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता होता. ती म्हणाली, "तुम्हाला हौस परवडते. मला नाही परवडत. तुम्ही सोडलं तरी मी विणणार." बैठक तशीच मोडली. आठ दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. ओट्यावर लेकरं एकत्र खेळायची आणि आया वेगवेगळ्या बाजूंना तोंड करून बसायच्या.

तिचं चुकलं नव्हतं, मैत्रिणींनो. तिला पैशाची गरज होती. पण त्या कामातून तिची गरज भागणार नव्हती, हे आम्ही सगळ्यांनी पहिल्याच दिवशी हिशोब मांडून बघायला हवं होतं.

शेवटी अडतीस नग झाले. उशीर झाला म्हणून व्यापाऱ्यानं दीडशेऐवजी सव्वाशेच्या हिशोबानं पैसे दिले. अडतीस नगांचे ४,७५० रुपये, सहा जणींमध्ये. आमचे सातशे साठ तास गेले होते. तासाला सव्वासहा रुपये. बागेत थिनिंगला गेलो असतो तर कितीतरी पट मिळाले असते, आणि संध्याकाळी लेकरांपाशी मोकळ्या हातानं बसलो असतो.

ते पैसे वाटायला बसलो तेव्हा पुन्हा बोलणं सुरू झालं. दोन गोष्टी ठरल्या. पहिली, जिला हप्ता भरायचा होता तिला गटाच्या बचतीतून पाच हजारांचं कर्ज द्यायचं, नेहमीच्या निम्म्या व्याजानं. गट त्यासाठीच तर असतो. विणकामाच्या नादात तेच विसरलो होतो. दुसरी, यापुढं नगावर मजुरीचं काम घ्यायचं नाही. विकायचं तर छोटं आणि आपल्या भावानं.

आता टोपडं आणि पायमोज्यांचा संच आम्ही बाळंतविड्यासाठी करतो. त्याला सहा तास लागतात. लोकर ऐंशी रुपयांच्या आसपास. संच साडेचारशेला देतो. उरलेले तीनशे सत्तर, म्हणजे तासाला साठाच्या वर पडतात. महिन्याला चार-पाच संच जातात, त्याहून जास्त नाही. नातेवाइकांमार्फत नाशिकला मागणी येते. हे काम जिला गरज आहे ती घेते, आणि तिचं लेकरू तेवढा वेळ बाकीच्यांपैकी कुणीतरी सांभाळते. कुणी भाव पाडून मागितला तर आम्ही तासांचा हिशोब दाखवतो. काही जण घेतात, काही निघून जातात. आता आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

आणि घरच्या लेकरांसाठीचं विणकाम विकायचं नाही, त्याचा हिशोबही मांडायचा नाही. ते परत चार ओळींवर आलंय. बाजरीच्या कोठीतल्या सुया आता फळीवर आहेत. ती पोरगी रोज संध्याकाळी आईला विचारते, "उठवायच्या का?" आई म्हणते, "उठव." मग आई सुया खाली घेते आणि ती रबर काढून देते. चार ओळी झाल्या की रबर तीच लावते. पाचवी ओळ ती विणूच देत नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणाला कोणी नगावर मजुरीचं काम आणून दिलं, मग ते विणकाम असो, गोधडी असो, मणी ओवणं असो, तर हो म्हणायच्या आधी एवढंच करा. एक नग करून बघा, त्याला किती तास लागले ते लिहून ठेवा. एका तासाला किती पडतात ते काढा. मग ते तास घरातल्या कुणाच्या वाटचे जाणार आहेत, ते स्वतःला विचारा. आणि हे एकटीनं नको, गटात बसून करा. पैशाची नड असेल तर ती आधी गटाला सांगा. आमच्यातलीनं आधी सांगितली असती, आणि आम्ही आधी विचारली असती, तर ते आठ दिवस अबोल्यात गेले नसते.

दर रविवारी दुपारी आम्ही अंगणवाडीच्या ओट्यावर बसतो. तुमच्याही गावात असाच एखादा ओटा असेलच. येताना घरातला आटलेला, फाटलेला एखादा स्वेटर आणा, तो उसवला की सुरुवातीला नवी लोकर घ्यावी लागत नाही. लेकरांना घेऊनच या, लड धरायला कुणीतरी लागतंच. टाका सुटला तर घाबरू नका, खालच्या ओळीतून परत उचलता येतो. आमचे पुष्कळ सुटले, पुष्कळ उचलले.

हे ऐकताना कुणाच्या हातात सुई असेल तर हातातली ओळ पुरी करूनच उठा. रामराम.